दसरा सरला, शेवंती उरली!

दिवाळी आटोपली की म्हैसूर एकदम शांत होतं. पाहुणे परततात, मुलं बंगळुरूला किंवा सातासमुद्रापार निघून जातात आणि ऐसपैस घरात उरतात दोन वयस्क माणसं. थंडीच्या या दिवसांत त्यांना खुर्चीतून उठवून उन्हात आणण्याचं काम ना टीव्ही करतो, ना टेलिफोन. ते करते कंपाउंडातली बाग...

डिसेंबरातली सकाळ. साडेसात वाजलेत. महाराष्ट्राची नंबरप्लेट असलेली एक टूरिस्ट बस चामुंडी टेकडीच्या दिशेनं निघालीय. आत माकडटोप्या, मफलर, पुड्यांतून निघणारा चिवडा आणि गाईडनं पाठ करून ठेवलेला कार्यक्रम: आधी चामुंडी, मग राजवाडा, संध्याकाळी वृंदावन आणि उद्या पहाटे उटी! बसला घाई आहे. त्यामुळे सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम, यादवगिरी, कुवेंपुनगर अशा वस्त्यांतल्या गल्ल्यांमध्ये या घटकेला काय चाललंय, ते तिच्यातल्या कुणालाही दिसणार नाही.

तिथं जुन्या घरांच्या फाटकाआड हळूहळू हालचाल सुरू होते. कुणी वाकून शेवंतीला काठीचा आधार देतंय. कुणी कुंडीखालच्या ताटलीतलं साचलेलं पाणी ओतून टाकतंय. कुणी नुसतंच उभं आहे, हातात कॉफीचा लोटा घेऊन, काल लावलेल्या मेथीला कोंब फुटला का ते बघत. आणि आतून ठरलेली हाक येते, ‘अहो, कानाला काही बांधा आधी!’ भाषा कानडी असो, तमिळ असो की मराठी, हिवाळ्यातल्या या हाकेचा अर्थ सगळीकडे एकच.

म्हैसूरला ‘पेन्शनरांचं नंदनवन’ म्हणतात, ते उगाच नाही. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून अधिक उंची, रुंद रस्ते, फार कडक नाही असा उन्हाळा आणि त्याहून सौम्य हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १५-१६ अंशांच्या आसपास येतो, इतकंच. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगितलं तर तो याला थंडी म्हणायलाच तयार होणार नाही! पण थंडी काही फक्त पाऱ्यात मोजायची नसते. सत्तरी गाठलेल्या गुडघ्यांना विचारा.

काळोख नाही, तरी उदासी

युरोप-अमेरिकेत हिवाळ्यातल्या उदासीचं कारण बऱ्यापैकी उलगडलेलं आहे. लंडनला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही छोटा असतो. सूर्यप्रकाश कमी झाला की काही लोकांचं मन खचतं, झोप वाढते, कामात लक्ष लागत नाही. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं आणि तेव्हापासून त्याला वैद्यकशास्त्रात नाव मिळालं.

म्हैसूरला हे कारण लागू पडत नाही. इथला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे साडेअकरा तासांचा. ऊन मुबलक. मग उदासी येते कुठून? एक म्हणजे दसऱ्यानंतरच्या रितेपणातून. दहा दिवस ज्या गावात जंबू सवारी, दिव्यांची रोषणाई आणि गर्दी, त्या गावात नंतरची शांतता जास्तच जाणवते. घराघरांतल्या पायऱ्यांवर मांडलेल्या बोंबे, म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्या, कागदात गुंडाळून पेटीत जातात. नातवंडांची सुट्टी संपते. दुसरं कारण हवेचं. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस दक्षिण कर्नाटकात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येऊन जातो, आणि बंगालच्या उपसागरात एखादं वादळ उठलं की त्याची झळ इथपर्यंत पोहोचते. २०२४ मध्ये ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि डिसेंबरचे पहिले दिवस इकडेही पावसाचे गेले. दोन-तीन दिवस झिमझिम, गारठा, वाळत न पडणारे कपडे. माणूस एकदा पांघरुणात शिरला की मग आकाश मोकळं झालं तरी बाहेर यायचं नाव घेत नाही.

ऊन अंगणात आणि माणूस जाड भिंतींच्या आत! म्हैसूरच्या हिवाळ्याचं दुखणं हे आहे.

म्हणूनच इथली बाग ही निव्वळ हौस उरत नाही. खुर्ची सोडून उठायला ती निमित्त देते. ‘फिरायला जा’ असं सांगून न उठणारा माणूस ‘शेवंती आडवी पडलीय’ म्हटल्यावर चपला शोधू लागतो.

बडोद्याहून आलेला माळी

या गावाला बागेचं वेड कुठून लागलं, याच्या गोष्टीत एक मराठी धागा आहे. गुस्ताव हर्मन क्रुम्बिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानात काम करत होते. तिथून १८९३ साली ते हिंदुस्थानात आले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या नोकरीत. पुढे १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानानं त्यांना बंगळुरूच्या लालबागेसाठी बोलावून घेतलं. माणसं पारखण्यात सयाजीराव किती तयार होते हे सांगायला नको, पण या खेपेला त्यांनी आणलेलं रोपटं म्हैसूरच्या मातीत रुजलं!

पर्यटक ज्याच्या कारंज्यांसाठी गर्दी करतात ते वृंदावन उद्यान क्रुम्बिगल यांच्याच आराखड्याचं. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत १९२७ मध्ये काम सुरू झालं, १९३२ मध्ये पुरं झालं. बंगळुरूत त्यांनी झाडांची निवड अशी केली की एकाचा बहर ओसरावा आणि दुसऱ्याचा सुरू व्हावा. वर्षातला एकही महिना फुलांवाचून कोरडा जाऊ नये, अशी ही युक्ती. दक्षिण कर्नाटकातल्या शहरांत आजही हिवाळ्यात टॅबेबुयाची झाडं पानं झाडून गुलाबी फुलांनी भरून जातात, तेव्हा खालून जाणारा स्कूटरवाला क्षणभर का होईना मान वर करतोच.

राजवाड्यापासून जवळच असलेल्या कुप्पण्णा पार्कमध्ये दसऱ्याला भरणारं पुष्पप्रदर्शन आणि त्याच्या निमित्तानं होणाऱ्या घरगुती बागांच्या स्पर्धा यांमुळे हे वेड घरोघर पोहोचलं. फक्त त्याचा एक तोटाही झाला. कित्येक घरांत बाग दसऱ्यापुरती सजते. परीक्षक येऊन गेले की कुंड्या कडेला सारल्या जातात आणि फुलं संपलेली झाडं सरळ उकिरड्यावर! खरं तर बागेतलं कामाचं दिवस तेव्हाच सुरू होतात.

शेवंतीला अंधार हवा

शेवंतीचंच घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी हे तिचे दिवस. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की तिला कळी धरते. मग फुलांच्या ओझ्यानं फांद्या वाकतात. बांबूची कामटी कुंडीच्या कडेनं खोचायची आणि सुतळीचा सैल आठाचा फास टाकून फांदी बांधायची. घट्ट बांधली तर खोड कापलं जातं. एकच टपोरं फूल हवं असेल तर शेंड्याची कळी ठेवून बाजूच्या कळ्या नखानं खुडायच्या. देवपूजेला आणि गजऱ्याला भरपूर फुलं हवी असतील तर खुडायचा मोह टाळायचा. सुकलेलं फूल मात्र लगेच काढायचं.

आणि बहर संपला की? जमिनीपासून वीतभर ठेवून झाड छाटायचं, हलकं पाणी देत राहायचं. बुंध्यापाशी नव्या काश्या फुटतात. पुढच्या वर्षीची शेवंती त्यातच असते. ज्यांनी कुंडी फेकली त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा नर्सरीत पैसे मोजावेत, दुसरं काय!

शेजारच्या घरची शेवंती फुलली, आपली नुसतीच हिरवीगार... अशी तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. खतावर, मातीवर, क्वचित शेजाऱ्याच्या नजरेवरही संशय घेतला जातो. दोष बहुतेकदा फाटकासमोरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा असतो! रात्रभर उजेड पडला की झाडाला रात्र झालीच नाही असं वाटतं आणि ते कळी धरत नाही. नाताळात लाल होणाऱ्या पॉइनसेटियाचीही हीच गत. त्याची लाल ‘फुलं’ म्हणजे मुळात पानंच. लांब, अखंड अंधाराच्या रात्री लागोपाठ काही आठवडे मिळाल्या तरच ती रंगतात. उपाय एकदम सोपा आहे. ऑक्टोबरपासूनच कुंडी दिव्याच्या उजेडाआड, घराच्या मागच्या बाजूला हलवायची. झाड जमिनीत असेल तर संध्याकाळी त्यावर खोका किंवा जाड गोणपाट पांघरायचं आणि सकाळी न विसरता काढायचं. हे ‘न विसरता’ फार मोलाचं. सकाळी आठ वाजता आपली कुणीतरी वाट पाहतंय ही जाणीव ज्या घरात उरलेली नाही, त्या घरात झाकलेलं एक झाडसुद्धा माणसाला अंथरुणातून उठवतं.

मल्लिगेवर कात्री

हिवाळ्यातलं सर्वांत अवघड काम मात्र मोगऱ्याचं. अवघड ते हाताला नव्हे, मनाला! म्हैसूरची मल्लिगे भौगोलिक मानांकन मिळवलेलं फूल. कन्नड कवी के. एस. नरसिंहस्वामी यांच्या १९४२ साली आलेल्या, संसारातल्या प्रेमाच्या कवितांच्या संग्रहाचं नावच ‘मैसूर मल्लिगे’. असं हे लाडकं झाड नोव्हेंबरअखेरीला गुडघ्याएवढं ठेवून छाटायचं, उरलेली पानंही काढून टाकायची, हे ऐकून कुठल्याही आजीच्या पोटात गोळा येतो. ‘चांगलं वाढलेलं झाड उगाच का मारता?’

पण न छाटलेला मोगरा पुढच्या उन्हाळ्यात नुसता पाला वाढवतो, कारण कळी येते ती नव्या फुटीवर. छाटणीआधी थोडे दिवस पाणी बंद करून झाडाला ताण द्यायचा, मग छाटायचं, बुंध्याभोवतीची माती उकरून कुजलेलं शेणखत घालायचं आणि भरपूर पाणी द्यायचं. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेर, जाईची डिसेंबरअखेर आणि जुईची जानेवारीअखेर, असा क्रम लक्षात ठेवला की घोटाळा होत नाही. या दिवसांत देवराज मार्केटमध्ये मल्लिगे दुर्मीळ होते, भाव चढतो आणि तिची जागा कुंदासारखी दिसणारी, वासाला फिकी अशी काकडा घेते. बायका ती माळतात, पण नाक जरा मुरडूनच!

गुलाबाबद्दल थोडक्यात. छाटणी पावसाळा सरताच झालेली बरी. रात्री गार आणि दिवसा कोरडं ऊन अशा हवेत कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी दिसू लागते, ती भुरी. अशी पानं खुडून जाळावीत आणि पाण्यात विरघळणारं गंधक पाकिटावरच्या प्रमाणात फवारावं. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहतात आणि रोगाला आमंत्रण मिळतं. थंडीत झाडं पाणी कमी पितात, हेही ध्यानात असू द्या. बोट पेरभर मातीत घालून पाहावं, ओल लागली तर झारी खाली ठेवावी.

भाजीच्या वाफ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा आणि नवलकोल यांना हे दिवस मानवतात. पण म्हैसूरच्या हिवाळ्याची खरी मानकरी म्हणजे अवरेकाई, आपल्याकडच्या पावट्याची सख्खी बहीण. दंव पडू लागलं की तिच्या शेंगांना वास चढतो, असं इथले लोक छातीठोक सांगतात. शेंगा सोलण्याचं काम मात्र एकट्याचं नव्हेच. ओट्यावर उन्हात सुपं घेऊन बसायचं, दाणे भिजवून त्यांची सालं बोटांनी चिमटून काढायची आणि गल्लीभरच्या बातम्या पुऱ्या करायच्या. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा यात जास्त रंग असतो!

पाला जाळू नका

डिसेंबर-जानेवारीत झाडं पानं गाळतात आणि सकाळी सकाळी गल्लीच्या टोकाला धूर दिसू लागतो. ही सवय वाईट. गार हवेत धूर वर चढत नाही, जमिनीलगत रेंगाळतो आणि दम्याच्या माणसाची सकाळ खराब करतो. तोच पाला कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकून, वर मातीचा आणि शेणकाल्याचा थर देऊन ओला ठेवला तर काही महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं. म्हैसूरच्या तांबड्या, पाणी न धरणाऱ्या मातीला त्याची फार गरज. फक्त पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं तो हलवावा. ऊब शोधत साप तिथं येऊन बसतो. दिसलाच तर मारायला धावू नये, सर्पमित्राला बोलवावं. आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

वयस्क माणसांनी धुकं आणि गारठा ओसरल्यावर, आठ-साडेआठनंतरच बाहेर पडावं. कमरेतून वाकण्यापेक्षा बुटका स्टूल घेऊन बसावं. शेवाळलेल्या फरशीवर रबरी चप्पल घालून झारी उचलणं म्हणजे हाड मोडून घेण्याची तयारी! त्यापेक्षा शेवाळ आधी खरवडून घ्यावं. कुंड्या कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर मांडल्या तर निम्मा त्रास वाचतो. काटा लागला, कात्री लागली तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, ते आठवून पाहावं.

बागेनं मन ताजं होतं, हे आजीबाईचं म्हणणं शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिलंय. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हानियामधल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिख यांनी पडताळल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. १९८४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे नेदरलँड्समध्ये ३० जणांना आधी डोक्याला ताण देणारं काम करायला लावलं. मग काहींना अर्धा तास बागकाम दिलं, काहींना घरात बसून वाचन. ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांमध्ये अधिक, आणि त्यांचं मनही पूर्ववत झालं. २०११ मध्ये छापून आलेली ही गोष्ट वाचनप्रेमींना थोडी झोंबेल खरी! बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्येही मनोरुग्णांच्या पुनर्वसनाच्या कामांत बागकामाला स्थान आहे. अर्थात झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर खुरप्यावर विसंबून राहू नये. डॉक्टर गाठावा. बाग सोबत करते, औषधाची जागा घेत नाही.

ज्यांना अंगण नाही, फ्लॅटची बाल्कनी तेवढी आहे, त्यांच्यासाठी कुक्करहळ्ळी आणि कारंजी तलावांचे काठ आहेत. कुक्करहळ्ळीच्या काठानं महाकवी कुवेंपु फिरायला जात. नंजनगुडजवळ हदिनारूच्या तळ्यावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात, थेट हिमालय ओलांडून. इतक्या लांबून कुणी आपल्या गावी हिवाळ्याला येतं, हे पाहून आपण स्वेटर घालून दोन किलोमीटर जायला हरकत नसावी.

राहता राहिले फूलचोर! धनुर्मासात पहाटे देवळांत हुग्गीचा नैवेद्य असतो, पूजेला फुलं हवीत, आणि मॉर्निंग वॉकला निघालेल्या सज्जनांच्या हातात पिशवी असते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना या जमातीची वेगळी ओळख करून द्यायला नको. कुणी पाटी लावतं, कुणी कुत्रा पाळतं. काही जुन्या घरांतल्या बायकांनी वेगळाच मार्ग काढलाय. जास्वंदीच्या भिंतीबाहेर गेलेल्या फांद्या त्या छाटतच नाहीत. बाहेरची फुलं वाटसरूंची, आतली आपली. त्यातून फाटकापाशी ‘नमस्कार’ होतो, मग चौकशी, मग ‘तुमच्या शेवंतीची एक काशी द्याल का?’

संक्रांतीला हा व्यवहार पुरा होतो. म्हैसूरच्या मुली तबकात तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे यांचं मिश्रण आणि उसाचं कांडं घेऊन घरोघर जातात आणि म्हणतात, तीळगूळ खा, गोड बोला. अक्षरशः आपलंच वाक्य, कानडीत! परतताना तबक रिकामं पाठवायचं नसतं. त्यात वर्तमानपत्राच्या ओल्या तुकड्यात गुंडाळलेल्या शेवंतीच्या दोन-तीन काश्या असतात, मुळाशी चिमूटभर तांबडी माती लागलेल्या. घरी पोहोचल्यावर त्या लगेच सावलीत लावायच्या आणि आठवडाभर हलकं पाणी द्यायचं. तोवर मागल्या अंगणात, नोव्हेंबरात बोडका केलेल्या मोगऱ्याला पहिली पोपटी पालवी फुटलेली असते.